क्लॅरिनेटची गाळलेली ओळ

नाकानो, तोक्यो
१४ नोव्हेंबर १९७७

नाओकि,

पत्राच्या आरंभी हवापाण्याबद्दल चार ओळी लिहायची आपल्याकडे रीत आहे. त्या मी गाळतो. गाळणं हाच माझा धंदा आहे, असं तूच एकदा म्हणाला होतास.

तीन वर्षांनी लिहितोय. 'पत्ता बदललाय' हे गाणं यंदाच्या सुवर्णगीत सोहळ्यात शेवटच्या दहांत आलं, त्याबद्दल अभिनंदन. आज सकाळी फुमिएने वर्तमानपत्र अशा बेताने मांडलं होतं की भाताचा वाडगा उचलला की खाली तुझा फोटो. माझ्या बायकोला असले खेळ फार सुचतात.

"वाचलंत?" तिने विचारलं.

"वाचलं."

"मग तोंड असं का?"

"सूप खारट झालंय."

"सूप मी अजून वाढलंच नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

फोटो छान आलाय. मध्ये गायिका मिनेको तोदाका, डावीकडे गीतकार आणि उजवीकडे तू, म्हणजे संगीतकार मुरोझुमि सेन्सेइ. हल्ली सगळे तुला सेन्सेइ म्हणतात, मोठा गुरुजी असल्यासारखं. चाळिशीत मान तुकवायला लोक मिळाले की माणसाची पाठ ताठ होते म्हणतात. फोटोत तुझी झालेली दिसते.

गाणं चौघांनी केलं आणि फोटोत तिघं आहेत, ही तक्रार मी करणार नाही. वाद्यसंयोजकाचा फोटो कोण छापतो? तुझी चाल कॅसेटवर ला-ला-ला करत खाकी पाकिटातून माझ्याकडे येते, आणि तिला वाद्यांचे कपडे चढवून मी ती परत पाठवतो. आपण बोलत नसतानाही या तीन वर्षांत अशी चौदा पाकिटं आली. मी एकही नाकारलं नाही. तेवढं मला जमलं नाही.

पण हे मात्र ऐक. आमच्या गल्लीतल्या हमामात म्हातारे अंग घासताना जे गुणगुणतात ती तुझी चाल नसते. तोदाकाने तोंड उघडण्याआधीचे बावीस सेकंद गुणगुणतात ते. ते बावीस सेकंद माझे.

आणि तुला ते नेमकं माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्या टीव्हीच्या मुलाखतीत निवेदकाने अशीच माझी एक सुरुवात गुणगुणून दाखवली आणि विचारलं, "सेन्सेइ, हे ऐकलं की अंगावर काटा येतो. हे तुम्हाला सुचलं तरी कधी?" तू खोटं बोलला नाहीस. तू मूग गिळून बसलास आणि मान लववलीस. दुसऱ्या दिवशी फोनवर मी तुला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणालो आणि फोन ठेवला. तो शब्द मी अजून मागे घेतलेला नाही. ओगिकुबोच्या खोलीत आठ वर्षं एका मिकान संत्र्यांच्या खोक्यावर तू चाली लिहायचास आणि मी मागून मान घालून 'इथे ट्रॉम्बोन' म्हणायचो. त्या आठ वर्षांत तू एकदाही असा गप्प राहिला नव्हतास.

असो. लिहायचं कारण कामाचं आहे. सोहळ्यात वाद्यवृंदाने वाजवायचं नोटेशन टीव्हीवाल्यांनी माझ्याकडे दिलं आहे. गाणं साडेतीन मिनिटांचं, आणि प्रत्येकाला मिळणार दोन मिनिटं वीस सेकंद. काहीतरी कापावं लागेल. सभ्यपणा म्हणून कळवलं.

इवाओ कुसाका


५ डिसेंबर १९७७

नाओकि,

मला लिहायचं सोडून तू फुमिएला फोन केलास. तिने तुझा निरोप तुझ्याच आवाजात सांगितला, मधल्या खोकल्यासकट. "वहिनी, त्याला सांगा, तिसरी ओळ तेवढी कापू नको. बाकी माझं काहीही काप म्हणावं, पूर्ण दुसरं कडवं उडव."

म्हणजे 'दार तेच आहे, पाटी दुसरी आहे' ही ओळ.

कापली नाही. दुसरं कडवं उडवलं, आणि तरी वेळ बसेना म्हणून माझे बावीस सेकंद आठावर आणले. होय, मीच. फुमिए शेजारी वाटाणे सोलत बसली होती. तिने विचारलं, "तुमचंच कापलंत?" मी म्हटलं, हो. "अगंबाई! ताप तर नाही ना आला?" म्हणाली आणि खरंच कपाळाला हात लावून पाहिला.

मोठं मन वगैरे काही नाही. ओळ चांगली आहे, म्हणून ठेवली. पाटी दुसरी आहे म्हणताना कुणीही आवाज वर चढवला असता. बाई दारात उभी, समोर परक्याचं नाव, तिथे रडायला वर चढायचं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तू तिथे खाली उतरतोस. जणू बाई पाटी वाचते आणि हळूच पायऱ्या उतरायला लागते. मी शेकडो गाण्यांना वाद्यं चढवली. मला हे कधी सुचलं नसतं. लिहिताना पोटात दुखतंय, तरी लिहितो.

नोटेशन परवा पाठवलं. आभार मानायला पुन्हा फोन करू नकोस. ती तुझी नक्कल फार हुबेहूब करते आणि मला घरात दोन-दोन नाओकि सहन होत नाहीत.

इवाओ


२४ डिसेंबर १९७७

नाओकि,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच लिहितोय. फुमिए नाताळचा स्ट्रॉबेरीचा केक आणायला गेली आहे. दुकानासमोर आज रांग असते, तासभर तरी ती येत नाही.

काल वाद्यवृंदाची तालीम झाली. दहाही गाणी वाजली. मग शेवटच्या गाण्याची तयारी. जिंकणाऱ्याने बक्षिसाची ढाल हातात घेऊन तेच गाणं पुन्हा म्हणायचं, आणि या वेळी पूर्ण. कोण जिंकणार ते माहीत नसतं म्हणून दहाही गाण्यांची पूर्ण नोटेशनं आधीच वादकांपुढे ठेवतात. निकाल लागला की उरलेली नऊ खाली.

आणि जिंकणारा रडतो. गेल्या किती वर्षांत न रडता गायलेला एक जण आठवतो का तुला? पहिली ओळ कशीबशी, दुसऱ्या ओळीला हुंदका आणि मग नुसता माइक. म्हणून त्या नोटेशनमध्ये गायिकेची चाल आम्ही क्लॅरिनेटलाही लिहून ठेवतो, हळू आवाजात. ती गाते तोवर कुणाला पत्ता लागत नाही, ती थांबली की चाल उघडी पडत नाही. वादक त्या ओळीला 'रुमाल' म्हणतात. नवशिक्या संयोजकालाही हे सांगावं लागत नाही.

मी 'पत्ता बदललाय'ला रुमाल लिहिला नाही.

विसरलो नाही. ती ओळ पेन्सिलीने लिहिली होती, आणि शाईने गिरवायच्या वेळी खोडली.

तालमीत क्लॅरिनेटवाल्या सुगेने पानं उलटीपालटी केली. "कुसाका-सान, माझं एक पान गळालंय बहुतेक. रुमाल कुठाय?"

"यंदा नाही."

"नाही म्हणजे?"

"तोदाका रडणारी बाई नाही. सहा वर्षं गावोगावच्या दुकानांपुढे बिअरच्या खोक्यावर उभी राहून गात आली आहे. ती कशाला रडते?"

"अहो, तेच तर जास्त रडतात!" सुगे म्हणाला आणि सगळे हसले.

कुरोइवा-सान हसले नाहीत. बावीस वर्षं ते या वाद्यवृंदापुढे काठी घेऊन उभे आहेत. त्यांनी माझं नोटेशन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "संयोजकाने लिहिलं ते आम्ही वाजवतो," एवढंच म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं मला; घरी येईपर्यंत गाडीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे पाहतोय असं वाटत होतं.

का केलं, तर सांगतो. माझे बावीस सेकंद आठावर आणल्यानंतर दोन दिवस मी स्वतःवर फार खूश होतो. तिसऱ्या दिवशी रेकॉर्ड कंपनीतला माणूस म्हणाला, "मुरोझुमि सेन्सेइ तुमची फार तारीफ करत होते. म्हणाले, कुसाका माणूस समजूतदार आहे." समजूतदार! तुझ्यासाठी स्वतःचे हात कापले, आणि बदल्यात मिळालं काय, तर हमालाला मिळावं तसं प्रशस्तिपत्र.

मग मनात आलं, ती रडली आणि चाल गेली तर उरेल काय? माझी व्हायोलिन, माझे ट्रॉम्बोन, कडव्यांमधले माझे तुकडे. साडेतीन मिनिटांतली तीन तरी. अख्खा देश टीव्हीपुढे बसलेला, आणि त्यात तुझा एक सूर नाही. एकदा, फक्त एकदा, लोकांनी मला एकट्याला ऐकावं.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. फुमिएलाही नाही. मी कंपनीला स्वतःच्या अकरा चाली दिल्या आहेत, दुसऱ्या नावाने. अकराही परत आल्या. शेवटच्या पाकिटावर कुणीतरी लिहिलं होतं, "वाद्यांचा विचार उत्तम. चाल सापडत नाही."

तिला रडू येवो असं मी आज देवळात जाऊन म्हणून आलो. तू जिंकावंस म्हणून मी प्रार्थना केली, नाओ, आणि तीही असल्या कारणासाठी.

दार वाजलं. केक आला वाटतं.


४ जानेवारी १९७८

नाओ,

सोबत २४ डिसेंबरचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच, मग हे.

एकतीस तारखेला, सोहळ्याच्या रात्री, मी पडद्याआड उजव्या हाताला उभा होतो, तिथून वाद्यवृंद दिसतो. शेजारी कपडेपटातली एक बाई होती, साठीची असेल, तोंडात चार टाचण्या धरून कुणाची तरी उसवलेली बाही अंगावरच शिवत होती. तुमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती टाचण्यांसकट "अय्या!" म्हणाली. तोदाका जागची हलेना. तू तिला कोपराने ढकललंस ते सगळ्या देशाने पाहिलं. ढाल घेताना तू तीनदा वाकलास, मी मोजलं. हेवा काय असतो ते मला त्या तीन वाकण्यांत कळलं. तोवर मला वाटत होतं की मी नुसता रागावलोय.

मग बावीस सेकंद, पुरते बावीस, वाजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली ओळ तिने म्हटली. दुसरीच्या मध्यावर आवाज फाटला आणि मग काही नाही. ढाल छातीशी, माइक खाली, खांदे हलताहेत.

माझं मागणं पुरं झालं.

कसं वाटलं सांगू? पंगत मांडावी, पानं वाढावीत, उदबत्ती लावावी आणि पाटावर कुणी येऊन बसूच नये, तसं. व्हायोलिन चढत होती, कुणासाठी ते कळत नव्हतं. ट्रॉम्बोन 'हो, हो' म्हणत होते आणि समोर विचारणारं कुणी नव्हतं. माझंच संगीत, मी लिहिलेलं, एक सूर चुकला नाही, आणि मला लाज वाटायला लागली. कुरोइवा-सान काठी हलवत होते, पण मान माझ्याकडे वळवून. सुगे क्लॅरिनेट मांडीवर ठेवून माझ्याकडेच बघत होता.

तेवढ्यात शेजारची बाई गायला लागली. तोंडातल्या टाचण्या तिने आधी तळहातावर काढून घेतल्या. 'दार तेच आहे'. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. काम करता करता म्हणतात तसं. त्याच क्षणी वरच्या सज्ज्यातून कुणीतरी तीच ओळ उचलली. मग तोदाकाच्या मागे उभे असलेले ते हरलेले नऊ जण. त्यातल्या त्या जाड्या गायकाचे डोळे स्वतःच्याच पराभवाने सुजलेले होते, तरी तो सगळ्यात मोठ्याने. 'पाटी दुसरी आहे' ला अख्खं सभागृह खाली उतरलं, तुझ्यासारखं, पायरी पायरीने. हजारो माणसांत एकानेही तिथे आवाज वर नेला नाही.

फुमिए म्हणते, टीव्हीवर आधी काही कळलंच नाही. मग भिंतीपलीकडच्या शेजारणीच्या सासूबाई सोबाच्या शेवया उकळताना गात असल्याचं ऐकू आलं, वरच्या मजल्यावरूनही आलं. "मीही गायले," म्हणाली. "तुम्ही घरी असता तर हळू गायले असते."

पडदा पडल्यावर बोळात तू माझे दोन्ही हात धरलेस. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुझं नाक वाहत होतं. "तू जागा सोडलीस," म्हणालास. "इवा, तू लोकांसाठी जागा सोडलीस. मला आयुष्यात हे सुचलं नसतं." मागे कंपनीची माणसं, फोटोवाले. तू मला ओढून मध्ये उभं केलंस, आणि मी उभा राहिलो. मान लववली. काही बोललो नाही.

लक्षात आलं का मी काय केलं ते? तू त्या मुलाखतीत जे केलंस, अगदी तेच. आपण न केलेल्या गोष्टीचं श्रेय समोर आणून ठेवलं की मान आपोआप खाली जाते. किती सोपं असतं ते मला माहीत नव्हतं. नागोबा मी मागे घेतो.

जाता जाता कुरोइवा-सान म्हणाले, "तुझं नशीब चांगलं आहे, कुसाका. माणूस कसा आहेस त्याबद्दल मी बोलत नाही."

एक तारखेला सकाळी नववर्षाच्या कार्डांचा गठ्ठा आला, त्यात तुझं होतं. एक तारखेला पोचायचं तर ते तू पंचवीस डिसेंबरच्या आत टपालात टाकलं असणार. निकालाच्या आधी, बोळातल्या त्या हात धरण्याच्या आधी. तू लिहिलंस: "हरलो की जिंकलो ते हे कार्ड वाचताना तुला माहीत असेल, मला आत्ता नाही. त्या मुलाखतीत मी गप्प बसलो कारण ती सुरुवात मला माझ्या चालीपेक्षा चांगली वाटली होती, आणि ती माझी नाही हे म्हणायला जीभ वळली नाही. तीन वर्षं मला तुझा हेवा वाटतोय. फोन फुमिए वहिनींना करतो कारण तुला करायची भीती वाटते."

हे मी आठ-दहा वेळा वाचलं. आधी बरं वाटलं, फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणीतरी माझ्यावर जळतंय, आणि तोही तू! मग जेवण गेलं नाही. तू मला न विचारता खरं सांगितलंस, आणि माझं खरं टेबलाच्या खणात पडलेलं.

काल वर्तमानपत्रात माझं नाव आलं. ठळक अक्षरांत, तुझ्या नावाच्या वर. 'संयोजकाने राखलेली शांतता', असा मथळा. लिहिलंय, चाल वाद्यांना न देण्याचं धैर्य दाखवणारा पहिला माणूस. दुपारी टीव्हीवाल्यांचा फोन आला. पुढच्या वर्षीपासून जिंकणाऱ्या प्रत्येक गाण्यात अशीच जागा ठेवायची आहे, आणि त्या पद्धतीला माझं नाव द्यायचं आहे. शिवाय संयोजकासाठी वेगळी ढाल सुरू करायची म्हणतात, आणि पहिली मला. वीस वर्षं मी जे मागत होतो ते सगळं एका फोनमध्ये. "उद्या कळवतो," म्हणालो.

फुमिएला काल सगळं सांगितलं. अकरा चालींचंही. मग म्हणाली, "ढाल घेतलीत तर भिंतीवर लावायला खिळा मी ठोकणार नाही." आणि मग, "चाली कुठे आहेत त्या? मला वाजवून दाखवाल का?" पहिलीला सुरुवात केली आणि चौथ्या सुरालाच कळलं की तू जिथे पायऱ्या उतरला असतास तिथे माझी चाल वर चढते. कंपनीतल्या माणसाने बरोबर लिहिलं होतं. फुमिएने मात्र सगळी ऐकली.

आज सकाळी टीव्हीवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, मुरोझुमि सेन्सेइ सांगतील. तेव्हा आता ते तुझ्यावर आहे. हे पत्र वर्तमानपत्राला दे, कंपनीत वाचून दाखव, चुलीत घाल. पुढचं खाकी पाकीट आलं नाही तर मी का म्हणून विचारणार नाही.

मात्र तुझ्या तोंडून 'जागा सोडली' हे शब्द पुन्हा निघायला नकोत, म्हणून स्वच्छ लिहितो. जागा सोडणारा माणूस मी नव्हे. मी तुला खोडलं होतं, नाओ, आणि सगळ्या देशाने मिळून तुला पुन्हा लिहून काढलं. त्यात एक बेसूर आवाज माझाही होता, टाचण्यांवाल्या बाईच्या शेजारी, शेवटच्या ओळीपर्यंत. पण तो मला न विचारता निघाला.

इवाओ